शेवटची गाडी सव्वाआठची: बेळगावात वडगावच्या पुढून रोज सिटी बसनं येणाऱ्या बाईचा अभिप्राय

पाचापैकी तीन. आकडा आधीच सांगते, कारण पुष्कळ जण तेवढाच बघून पुढं जातात. सकाळच्या गाडीला साडेचार दिले असते. रात्रीच्या गाडीला एकसुद्धा देववत नाही.

मी खडे बाजारात एका साडीच्या दुकानात काउंटरवर असते. सकाळी दहाला शटर वर, रात्री आठला खाली. लग्नसराईत नऊसुद्धा होतात. घर वडगावच्या पुढं, जिथं पूर्वी नुसतं भात पिकायचं तिथल्या नव्या प्लॉटांत. 2022 च्या दिवाळीत आम्ही राहायला गेलो आणि तेव्हापासून रविवार सोडला तर जायला एक, यायला एक अशा दोन फेऱ्या माझ्या ठरलेल्या. तीन वर्षांचा हिशेब आहे हा, एखाद्या दिवशी गाडी चुकली म्हणून लिहिलेलं नाही.

सकाळी नऊ दहाची गाडी चांगली आहे. पाच मिनिटांपेक्षा जास्त चुकलेली मला फारशी आठवत नाही. थांबा म्हणजे रस्त्याकडेचं चिंचेचं झाड आणि किराणा दुकानाची पायरी. तिथं आम्ही पंधरा-सोळा बायका, कॉलेजची पोरं आणि दोन-तीन वयस्कर माणसं असतो. वडगाव येईपर्यंत पाय ठेवायला जागा राहत नाही. कंडक्टर "मुंदं होग्री, मुंदं होग्री" म्हणत गर्दीतून वाट काढतो आणि त्याच दमात मराठीतही सांगतो, "चला की ओ पुढं, दारात कशाला थांबलाय?" नाथ पै चौक, गोवावेस, बोगारवेस, मग सीबीटी म्हणजे सिटी बसचं मुख्य स्थानक. अर्ध्या तासात मी बाजारात. आमच्या गाडीवर जे ड्रायव्हर असतात त्यांच्याबद्दल तर मी कुणाला वाईट बोलू देणार नाही. मेथी-कोथिंबिरीची बुट्टी घेऊन येणारी एक म्हातारी मावशी आहे. तिला ती बुट्टी पायरीवर चढवता येत नाही. ड्रायव्हर आपली जागा सोडून खाली उतरतो, बुट्टी वर घेतो, मग गाडी हलवतो. मागून दुचाकीवाले हॉर्न वाजवत असतात, तरी तो घाई करत नाही.

11 जून 2023 ला कर्नाटकात बायकांना सरकारी बसचं तिकीट शून्य करणारी शक्ती योजना सुरू झाली. त्याआधी मला जाऊन-येऊन तीस रुपये लागायचे. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर 780. ते वाचायला लागले तसे मी गल्लीतल्या भिशीत घातले आणि 2024 च्या दिवाळीला सेकंडहँड पिकोचं मशीन घरी आणलं. आता रविवारी घरी बसून फॉल-पिको करते. माझ्या सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत. उभ्या आयुष्यात त्यांना सौंदत्तीच्या यल्लम्माला जायचं तर मुलाकडं पैसे मागावे लागायचे. त्या आता पुनवेला भजनी मंडळाच्या बायकांबरोबर जातात, आधार कार्ड कनवटीला असतं, आणि संध्याकाळी परत येऊन प्रसाद हातावर ठेवतात तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. या योजनेला कुणी "फुकटचं" म्हणलं की मला लागतं ते यामुळं.

दुकानात येणारी काही गिऱ्हाइकं म्हणतात, बायकांना मोफत केलं म्हणून बसची वाट लागली. मला हे पटत नाही. 14 जुलै 2025 ला राज्यात शक्तीची 500 कोटी शून्य तिकिटं पूर्ण झाली. एवढ्या बायका घराबाहेर पडून कामाला, दवाखान्याला, माहेराला जातात हे एकदा कळल्यावर त्या मानानं गाड्या आणि माणसं वाढवायला हवी होती. गर्दी हा बायकांचा दोष कसा? बसमध्ये जागा नसते, खरं ज्या माउलीला इतकी वर्षं घरातच बसावं लागलं ती आता उभं राहून का होईना जाते आहे, हे आधी बघा. आणि कंडक्टरांचे हाल मला रोज दिसतात. पूर्वी पन्नास तिकिटं फाडायची तिथं आता शंभर द्यायची, प्रत्येकीचं आधार बघायचं, त्यात मागचं दार, पुढचं दार. 5 ऑगस्ट 2025 ला राज्यभर बस कर्मचाऱ्यांनी संप केला तेव्हा मला दुकानात पोचायला एक तास उशीर झाला, अर्धा दिवस कापला गेला. तरीही त्यांचं चुकलं असं मला वाटलं नाही. 38 महिन्यांची पगाराची थकबाकी ते मागत होते.

आमच्या मिस्टरांची गोष्ट वेगळी. ते उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये जातात. 5 जानेवारी 2025 पासून भाडं 15 टक्क्यांनी वाढलं, ते त्यांना भरावं लागलं. खरं भाड्यापेक्षा मोठी अडचण म्हणजे आमच्याकडून उद्यमबागेला जाणारी गाडीच नाही. वडगावची गाडी सीबीटीला जाते, अनगोळची सीबीटीला जाते, कंग्राळीची, कणबर्गीची, सगळ्या सीबीटीला. नकाशावर उद्यमबाग आमच्या घराच्या बाजूला आहे. बसनं जायचं तर आधी उत्तरेला बाजारात जा, सीबीटीला उतरा, दुसरी गाडी धरा, टिळकवाडीतून पुन्हा खाली दक्षिणेला या. तासभर सहज जातो. पहिल्या पाळीला सातला कार्ड पंच करायचं असतं. सहा महिने त्यांनी हे केलं, दोनदा हजेरी कापली गेली, मग हप्त्यावर जुनी मोटारसायकल घेतली. वडगाव, शहापूर, खासबागेत ज्यांचे माग बंद पडले असे कितीतरी विणकर आज उद्यमबागेत आणि मच्छे गावच्या कारखान्यांत कामाला जातात. आमचेही दोन पॉवरलूम होते, लॉकडाऊननंतर भंगाराच्या भावानं गेले. माणसं कामासाठी एका दिशेनं जायला लागली आणि बस अजून जुन्याच दिशेनं जाते. वडगाव, अनगोळ, तिसरं गेट, उद्यमबाग अशी सरळ एक गाडी सकाळी साडेसहाला आणि एक संध्याकाळी साडेपाचला, एवढंच केलं तरी शंभर मोटारसायकली रस्त्यावरून कमी होतील असं मला वाटतं.

आता रात्रीची गाडी.

आमच्याकडची शेवटची फेरी सीबीटीवरून सव्वाआठला सुटते. निदान सुटायला पाहिजे. दुकान आठला बंद होतं, गल्ला मोजून, साड्यांच्या घड्या घालून, झाडून बाहेर पडायला आठ-दहा होतात. तिथून मी बोगारवेसला जवळजवळ पळतच येते. कधी गाडी आधीच गेलेली असते, कधी ती आलेलीच नसते आणि येणार आहे की नाही हे सांगायला तिथं कुणी नसतं. या वर्षी आषाढात एका सोमवारी मी सव्वाआठपासून नऊपर्यंत उभी होते. पाऊस असा की छत्री धरून उपयोग नाही. माझ्याबरोबर आमच्याच प्लॉटांत राहणारी एक नर्स, मेडिकल दुकानात काम करणारी एक मुलगी आणि धुण्याभांड्याला जाणारी एक बाई. नवाला कोपऱ्यावरचा पानपट्टीवाला म्हणाला, "अक्का, शेवटची आज नाही की ओ आली. घरला जावा आता." रिक्षावाल्यानं अडीचशे सांगितले. मीटरनं चला म्हणायची आमच्या गावात पद्धतच नाही. वडाप, म्हणजे माणसं भरून जाणारी खाजगी गाडी, मिळाली ती वडगावपर्यंतच. तिथून पुढं दीड किलोमीटर आम्ही चौघी चालत गेलो. दिवे नाहीत, रस्त्यावर नाल्याचं पाणी आलेलं, मोबाइलच्या उजेडात एकमेकींचा हात धरून. ती मेडिकलमधली पोरगी वीस वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात तिच्या वडलांनी तिला काम सोडायला लावलं. पगार चांगला होता, मालक चांगला होता, तिला पुढं फार्मसी शिकायची होती. रात्री घरी येण्याची सोय नाही, एवढंच कारण.

मोफत तिकिटानं मला 780 रुपये वाचतात आणि त्यासाठी मी मनापासून आभारी आहे. खरं गाडीच नसेल तर शून्य तिकीट घेऊन मी करू काय? त्या रात्री मी तीस रुपये आनंदानं दिले असते. बाईमाणसाला कामाला बाहेर काढायचं असेल तर तिला परत घरी आणून सोडण्याचीही जबाबदारी घ्यायला हवी.

आणि पैसे नव्हते असं कुणी मला सांगू नये. 25 जून 2015 ला स्मार्ट सिटी योजना जाहीर झाली. जानेवारी 2016 मध्ये देशातल्या पहिल्या 20 शहरांची यादी आली, त्यात बेळगाव होतं. गल्लीत पेढे वाटल्याचं मला आठवतं. एका शहरामागं केंद्राचे 500 कोटी आणि तेवढाच राज्याचा वाटा अशी आखणी होती. 31 मार्च 2025 ला ती योजना संपली. या दहा वर्षांत शहरात काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. मंडोळी रोडवरून आज जा आणि दहा वर्षांपूर्वीचा आठवा. माझी मावशी तिकडं राहते, तिला संध्याकाळी फुटपाथवरून फिरता येतं. पण माझा रोजचा प्रश्न बसचा आहे आणि बसच्या नावावर मला जे दिसलं ते थांबे. स्टीलचे, काचेचे, वर पडदा लावलेले, गाडी किती मिनिटांत येणार ते दाखवणारे. मी ज्या थांब्यावर कधीकधी उभी राहते तिथला पडदा मी एकदाही उजळलेला बघितलेला नाही. आणि समजा उजळला, तरी गाडी नाही हेच तो सांगणार ना? थांब्याचा खर्च एकदाचा असतो, फीत कापता येते, फोटो येतो. बसला रोज डिझेल लागतं, ड्रायव्हर लागतो, रात्रपाळीचा पगार लागतो. त्यासाठी त्या योजनेत मला पैसे दिसले नाहीत. मला सरकारी हिशेबातलं फार कळत नाही, दुकानाचं कळतं. आमच्या शेठजींनी काचेचं शोकेस आणलं आणि माल भरायला पैसे ठेवले नाहीत तर गिऱ्हाईक दोन दिवस शोकेस बघेल, तिसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानात जाईल.

शहापुरात बँक ऑफ इंडिया चौकापासून जुन्या पी. बी. रोडपर्यंतचा रस्ता याच काळात रुंद झाला. भूसंपादनाची रीतसर प्रक्रिया झाली नव्हती. जागामालक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात गेले, 20 कोटींच्या भरपाईचा प्रश्न उभा राहिला आणि शेवटी 2024 मध्ये केलेल्या रस्त्यातली जागा मालकाला परत द्यायची वेळ आली. तो रस्ता मी रोज बसमधून बघत होते. आधी घरं पाडलेली बघितली, मग डांबर बघितलं, मग सगळं गुंडाळलेलं बघितलं. साध्या बसची किंमत लाखांत असते, कोटीत नसते. हे पैसे ज्या करातून जायचे तो भरणारी मीही आहे.

बंगळूरचं तर विचारूच नका. तिथं हेब्बाळपासून सिल्क बोर्डपर्यंत जमिनीखालून मोटारींसाठी बोगदा करायचं चाललंय, सतरा किलोमीटरच्या आसपास, खर्च 17 हजार कोटींहून जास्त. बंगळूरच्या माणसांचे रस्त्यावर हाल होतात हे मला मान्य आहे, माझा भाचा तिथं आहे. पण त्या बोगद्यातून बस जाणार का, चालत जाणारा जाणार का, हे मी त्याला विचारलं तर तो गप्प बसला. आमच्याकडं हलग्याला सुवर्ण विधानसौध (विधानभवन) आहे, 11 ऑक्टोबर 2012 ला राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालं. हिवाळी अधिवेशनाचे दहा-बारा दिवस राज्याचं सरकार आमच्या गावात असतं. त्या दिवसांत एखाद्या मंत्र्यानं रात्री साडेआठला बोगारवेसला येऊन माझ्याशेजारी उभं राहावं, मी आदरानं सगळं सांगेन.

चांगली बस कशी असते हे मी बघितलेलं नाही असं नाही. नणंद धारवाडला असते. हुबळी-धारवाडची चिगरी बस 2018 पासून धावते, चिगरी म्हणजे कन्नडमध्ये हरीण. 22 किलोमीटरची वेगळी वाट, गार गाडी, आणि मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे फलाट आणि गाडीची जमीन एका पातळीत. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या पहिल्यांदा कुणाचा हात न धरता बसमध्ये गेल्या. रस्त्याच्या मधोमध असलेल्या स्टेशनपर्यंत जाताना मात्र जीव मुठीत धरावा लागतो, आणि बाजूच्या राहिलेल्या रस्त्यावरची कोंडी बघून धारवाडची माणसं तिच्यावर चिडलेलीही आहेत. आमच्या गल्ल्यांत तसली वेगळी वाट बसणार नाही हे दिसतंच. मला बेळगावला चिगरी नको. पायरी जराशी खाली असलेली साधी लाल बस रात्री साडेनऊपर्यंत पाहिजे.

आता घराचं लिहिते, कारण कुणी म्हणेल, एवढ्या लांब राहायला गेलातच कशाला?

वडगावात आम्ही भाड्यानं होतो, दोन खोल्या, खाली मालकाचे माग. 5500 भाडं. शहरात, टिळकवाडीत नाहीतर सह्याद्रीनगरात फ्लॅट घ्यायची आमची ऐपत नाही, पुढच्या दहा वर्षांतही होणार नाही. बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, प्लॉटसाठी थांबावं म्हणलं तर कणबर्गीची 61 नंबरची योजना आम्ही लग्न झाल्यापासून ऐकतोय. तेव्हा सगळे करतात तेच केलं. शेतकऱ्यानं शेतात आखलेला 20 बाय 30 चा प्लॉट बाँडवर, म्हणजे नोंदणी न करता स्टॅम्पपेपरवर, घेतला. दागिने मोडले, सोसायटीचं कर्ज काढलं, दोन खोल्या उभ्या केल्या. बँक कर्ज देत नाही, कारण खातं, म्हणजे सरकारदरबारी मालमत्तेची नोंद, नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये सरकारनं बी-खात्याची, म्हणजे नियमाबाहेरच्या घरांची नोंद करून घ्यायची, मोहीम काढली तेव्हा आमच्या प्लॉटांत किती आशा होती! फाइली घेऊन रांगा लावल्या. तिथं कळलं की 10 सप्टेंबर 2024 च्या आधीचा नोंदणी झालेला दस्त पाहिजे. बाँड चालत नाही. ज्यांच्याकडं खरेदीपत्र करायला पैसे होते त्यांची घरं कागदावर आली. आमच्यासारख्यांची होती तिथंच राहिली. नियमाबाहेर घर बांधलं हे आम्हाला कळतं. पण सतरा-अठरा हजार पगाराच्या माणसाला परवडेल असं नियमातलं घर या शहरात कुठं आहे, ते कुणी दाखवावं. मी उद्या तिथं जाईन.

खातं नाही म्हणून आतला रस्ता कुणाच्याच नोंदीत नाही. रस्ता नोंदीत नाही म्हणून दिवे नाहीत, गटार नाही, आणि बस आत वळत नाही. घरापासून चिंचेच्या झाडापर्यंत बारा मिनिटं चालायचं, पावसाळ्यात चिखलातून वीस. मी चप्पल पिशवीत आणि रबरी बूट पायात घालून निघते, बूट किराणा दुकानात ठेवते. त्या दुकानदार काकांनी पायरीखाली आम्हा बायकांच्या बुटांसाठी एक फळी मारून दिली आहे.

परवा मी आणि मिस्टरांनी वहीत हिशेब मांडला. भाड्याचे 5500 वाचले. मोटारसायकलचा हप्ता 2800, पेट्रोल 2200, शेवटची गाडी चुकली की रिक्षा आणि वडाप धरून महिन्याला सरासरी 900. झाले 5900. म्हणजे स्वतःच्या घरात येऊन आम्ही महिन्याला चारशे रुपये जास्त घालतोय, सोसायटीचं व्याज वेगळं. स्वस्त प्लॉट स्वस्त नव्हता, त्याची उरलेली किंमत आम्ही रस्त्यावर देतोय. घरकुलाच्या योजना एका खात्यात, बस दुसऱ्या खात्यात, रस्ते तिसऱ्या. घरातल्या वहीत मात्र ते तिन्ही आकडे एकाच पानावर येतात. साहेब लोकांनी एकदा अशा चार घरांच्या वह्या मागवून बघाव्यात.

एक गोष्ट मनाला टोचते ती लिहायलाच हवी. आमचं घर जिथं उभं आहे तिथं बासमती पिकायचा. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारातला तो तांदूळ. सासूबाई सांगतात, भात फुलोऱ्यात आलं की वास गल्लीत यायचा. हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक जमीन जाते म्हणून याच शिवारातले शेतकरी किती वर्षं लढले, कोर्टात गेले. बळ्ळारी नाल्याला दरवर्षी पूर येतो आणि उरलेलं पीक कुजतं, त्यामुळं प्लॉट पाडून विकावेत असं शेतकऱ्याला वाटलं तर त्याला दोष कसा देऊ? आणि आम्ही तिथंच भर घालून घरं बांधली की पाण्याची वाट आणखी अडते, हेही मला दिसतं. गावात, बाजाराच्या जवळ, दोन-तीन मजली साध्या घरांना जागा आणि कर्ज मिळालं असतं तर ना ते भात गेलं असतं, ना मला शेवटच्या गाडीसाठी पळावं लागलं असतं.

पाट्यांचंही सांगते. गाडीवरची पाटी कन्नडमध्ये असते. मला वाचता येते, शाळेत शिकले. सासूबाईंना येत नाही, त्या मराठी चौथी शिकलेल्या. त्या ड्रायव्हरचा चेहरा बघून गाडी ओळखतात आणि ड्रायव्हर बदलला की चुकतात. मराठी पाटीचा विषय काढला की लगेच त्याचं राजकारण होतं, म्हणून मी निदान एवढं मागते: पुढं, मागं आणि दाराशेजारी हातभर मोठा गाडीचा नंबर घाला. आकडा कन्नडवाल्या अज्जीलाही वाचता येतो आणि मराठीवाल्या आजीलाही. भाषेवरून तणाव झाला की सगळ्यात आधी बस थांबतात. फेब्रुवारी 2025 मध्ये कोल्हापूरच्या गाड्या बंद झाल्या तेव्हा माझी मुलगी पुण्याहून निघून कोल्हापुरात अडकली, रात्र मावशीकडं काढली. आम्हा सीमेवरच्या बायकांचं कसं आहे, निपाणीपर्यंत शून्य तिकीट, हद्द ओलांडून महाराष्ट्राच्या एसटीत बसलं की 17 मार्च 2023 पासून अर्धं. दोन्ही सरकारांनी बाईला बसमध्ये बसवलं ही फार मोठी गोष्ट आहे. ती बस चालू ठेवा, एवढंच दोघांना हात जोडून सांगणं.

मुलगी पुण्यात कॉट बेसिसवर राहते. तिला वनाज-रामवाडी मेट्रोचं कौतुक आहे, दहा रुपयांपासून तिकीट, गार आणि स्वच्छ. मी पंधरा दिवस तिच्याकडं होते तेव्हा रोज बसले, मलाही आवडली. पण स्टेशनवरून तिच्या खोलीपर्यंत शेवटी रिक्षाच करावी लागायची, आणि त्या रिक्षाला मेट्रोपेक्षा जास्त पैसे जायचे. एवढा पैसा ओतूनही शेवटचा तुकडा तिथंही तसाच राहिला आहे.

आम्ही प्लॉटांतल्या सदतीस बायकांनी सह्या करून एक अर्ज दिलाय. शेवटची फेरी सव्वाआठऐवजी पावणेनऊ करा, ती कुठल्याही कारणानं रद्द करू नका, आणि रद्द करावीच लागली तर थांब्यावर कुणाला तरी कळवा. अजून उत्तर नाही. पावणेनऊची गाडी सलग महिनाभर आली तर मी इथं येऊन तीनाचे चार करीन.

तोपर्यंत, आमच्या बाजूला प्लॉट बघायला येणार असाल तर रविवारी सकाळी एजंटाच्या मोटारीतून येऊ नका. तेव्हा दहा मिनिटांत पोचता आणि वारं छान सुटलेलं असतं. पावसाळ्यातला एखादा मंगळवार धरा. खडे बाजारात आठ वाजेपर्यंत थांबा, बोगारवेसला चालत या, आणि बसनंच या. चिंचेच्या झाडाशी उतरलात की किराणा दुकानात विचारा, काका आमचं घर दाखवतील. बूट हवे असतील तर फळीवर माझे आहेत.